कोजागिरीचा चंद्र आणि क्ष-किरणांचं आकाश

कोजागिरीच्या रात्री लालबागच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं. पातेल्यापाशी चौथ्या मजल्यावरच्या सावंत काकू होत्या. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात उपग्रहांनी पाठवलेल्या क्ष-किरणांच्या नोंदी तपासत बसते, एवढं त्यांना ठाऊक आहे. डाव फिरवता फिरवता त्या म्हणाल्या, "अगं, तू आकाशाचे एक्स-रे काढतेस ना? मग आज या चंद्राचा काढ की एक!"

सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न फार आवडला, कारण हे शास्त्र सुरू झालं ते नेमकं ह्याच इच्छेतून. जून 1962मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सहून रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटं रॉकेट सोडलं. सूर्याचे किरण पडल्यावर चंद्राच्या मातीतून क्ष-किरण निघतात का, हे त्यांना बघायचं होतं. उपकरणांना वातावरणाच्या वर जेमतेम सहा मिनिटं मिळाली. चंद्राचा पत्ता लागला नाही, पण दोन अनपेक्षित गोष्टी सापडल्या. वृश्चिक राशीच्या दिशेला क्ष-किरणांचा एक प्रखर स्रोत होता आणि त्याखेरीज उपकरण जिकडे वळेल तिकडून मंद, एकसारखी झळाळी येत होती. वृश्चिकेतला स्रोत आपल्याच आकाशगंगेतला निघाला. त्या झळाळीचं उत्तर मिळायला मात्र जवळपास चाळीस वर्षं लागली, आणि ते उत्तर म्हणजे दूरदूरच्या दीर्घिकांच्या पोटातली महाकाय कृष्णविवरं.

आधी काकूंच्या मनातला दवाखाना बाजूला ठेवू. दवाखान्यात यंत्र किरण सोडतं, ते हाडांशी अडतात आणि फिल्मवर सावली उमटते. आकाशाच्या बाबतीत आपण काहीच सोडत नाही. तिकडची वस्तूच क्ष-किरण सोडते, आपण फक्त ते झेलायचे. हे किरण म्हणजे प्रकाशच, पण ताकदीचा. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात, म्हणजे फोटॉनमध्ये, दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. क्ष-किरणांच्या फोटॉनमध्ये ती काही शे ते हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. असा प्रकाश थंड वस्तूतून निघत नाही. जिथे लाखो-कोटी अंशांचं तापमान आहे किंवा कण भयानक वेगाने पळताहेत, तिथूनच तो येतो. त्यामुळे क्ष-किरणांचं आकाश बघणं म्हणजे विश्वात कुठे कुठे प्रचंड उलथापालथ चालली आहे ते बघणं.

हे किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत. डोक्यावरची हवा वजनाने दहा मीटर खोल पाण्याइतकी भरते आणि तेवढी जाडी ते पार करू शकत नाहीत. मुंबईकराला ह्यात एक दिलासा आहे. तारे बघायचे तर आम्हाला रात्रीची कर्जत लोकल पकडून वांगणी गाठावी लागते, आणि जून ते सप्टेंबर तेही बंद. क्ष-किरणांच्या बाबतीत मात्र लालबाग आणि लडाख सारखेच, दोन्हीकडून काहीच दिसत नाही. उपकरण वरच न्यायला हवं. म्हणून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या, टीआयएफआरमधल्या, शास्त्रज्ञांनी 1960च्या दशकाच्या अखेरीपासून हैदराबादहून प्रचंड फुगे सोडून तीस-चाळीस किलोमीटर उंचीवरून हे किरण मोजले. 1996 साली आयआरएस-पी3 उपग्रहावर त्यांची उपकरणं गेली. 28 सप्टेंबर 2015ला श्रीहरिकोट्याहून अ‍ॅस्ट्रोसॅट सुटला. ही भारताची पहिली अवकाश वेधशाळा, आणि तिच्यावरची क्ष-किरण दुर्बीण कुलाब्यात घडली.

त्या दुर्बिणीच्या आरशांबद्दल सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. साध्या आरशावर समोरून क्ष-किरण टाकला तर तो परत फिरत नाही, आत घुसून जिरतो. पण तळ्यात चपटा दगड जवळजवळ आडवा भिरकावला की तो बुडण्याऐवजी टप्पे खात जातो, तसं अगदी तिरप्या कोनात हा किरण गुळगुळीत पृष्ठभागावरून निसटतो. म्हणून ह्या दुर्बिणीत आरसा म्हणजे बशी नसून नळी असते. सोन्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या चाळीस नळ्या एकात एक बसवल्या आहेत. आतल्या बाजूला घासून किरण दोनदा किंचित वळतात आणि दोन मीटर मागे एका ठिपक्यावर जमतात. त्या ठिपक्यावर ठेवलेली, किरण टिपणारी चिप उणे 80 अंशांच्या आसपास गार ठेवावी लागते, नाहीतर तिची स्वतःची उष्णताच खोटे आकडे दाखवू लागते.

आता मूळ गोष्टीकडे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं कुटुंब, आणि आपली आकाशगंगा त्यातलीच एक. कार्ल सेफर्ट ह्यांनी 1943 साली काही दीर्घिकांचे मधले ठिपके फार तेजस्वी आहेत आणि तिथला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावतो आहे, हे दाखवलं. 1963मध्ये मार्टेन श्मिट ह्यांनी कन्या राशीतला '3सी 273' नावाचा, दुर्बिणीतून साध्या ताऱ्यासारखा दिसणारा ठिपका दोन अब्ज प्रकाशवर्षांहून दूर आहे, हे ओळखलं. इतक्या लांबून तो दिसतो, म्हणजे त्याचं खरं तेज अख्ख्या आकाशगंगेच्या कितीतरी पट असायला हवं. अशा दीर्घिकांना सक्रिय दीर्घिका म्हणतात, आणि त्यातल्या सर्वांत झगमगत्यांना क्वासार.

हे तेज किती छोट्या जागेतून येतं ते मुंबईच्या मापाने सांगते. एक लाख प्रकाशवर्षं रुंद दीर्घिका आक्रसून कुलाबा ते दहिसर एवढी, समजा 40 किलोमीटरची केली. तिच्या मध्यभागी दहा कोटी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे. ह्या मापात त्याची रुंदी भरेल मिलिमीटरचा चाळिसावा भाग, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या निम्मीसुद्धा नाही. आणि त्या केसाच्या आसपासचा उजेड दहिसरपर्यंतच्या एकूण एक दिव्यांना फिकं पाडतो.

कृष्णविवर तर काळं. त्यातून प्रकाशही सुटत नाही. मग उजेड कसला? उजेड त्याचा नाही, त्यात पडायला निघालेल्या वायूचा आहे. मोरीच्या जाळीवर पाणी सरळ खाली जात नाही, गरगरत जातं. वायूचंही तेच. त्याला मुळात थोडी फिरकी असते आणि आत सरकताना ती वाढत जाते, त्यामुळे तो थेट पडू शकत नाही. कृष्णविवराभोवती वायूची चपटी तबकडी तयार होते. तिच्यातला आतला पट्टा वेगाने फिरतो, बाहेरचा सावकाश. चुंबकीय क्षेत्र ह्या पट्ट्यांना एकमेकांशी बांधून ओढत राहतं. ह्या ओढाताणीत आतला वायू फिरकी गमावून आणखी आत घसरतो, आणि घसरताना मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते.

ही सोय किती जबरदस्त आहे बघा. सूर्य हायड्रोजन जाळतो तेव्हा त्या वस्तुमानाचा फक्त 0.7 टक्का भाग ऊर्जा होतो. कृष्णविवरात घसरणाऱ्या वायूच्या बाबतीत, विवर किती वेगाने स्वतःभोवती फिरतं त्यावर अवलंबून, 6 टक्क्यांपासून पार 42 टक्क्यांपर्यंत वस्तुमान ऊर्जा होऊ शकतं. 10 टक्के धरले तरी वर्षाला एका सूर्याएवढा वायू गिळणारं विवर दीड लाख कोटी सूर्यांएवढं तेज देतं. अणुभट्टीसुद्धा ह्यापुढे कंजूष वाटते.

एक अडचण मात्र राहते. एवढ्या मोठ्या विवराची तबकडी साधारण एक लाख अंश तापते. तेवढ्या तापमानाला अतिनील किरण निघतात, क्ष-किरण नव्हेत. मग ते कुठून येतात? विवराच्या अगदी जवळ, तबकडीच्या वरच्या अंगाला, विरळ वायूचा एक ढग आहे. त्याचं तापमान शंभर कोटी अंशांच्या घरात. त्याला कोरोना म्हणतात, म्हणजे मुकुट. साथीच्या आधीपासून हा शब्द खगोलशास्त्रात आहे, म्हणून दचकू नका. त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहूनही जास्त वेगाने पळत असतात. कॅरम आठवा. सोंगटी हळू सरकते आहे आणि जोरात आलेला स्ट्रायकर तिला बसतो, तशी ती सटकन सुटते. इथे इलेक्ट्रॉन हा स्ट्रायकर आणि तबकडीतून आलेला अतिनील फोटॉन ही सोंगटी. असे एकामागून एक धक्के खात तो फोटॉन क्ष-किरण होऊन बाहेर पडतो. हा मुकुट नेमका कशाने तापतो आणि त्याचा आकार कसा आहे, ह्यावर आजही शास्त्रज्ञांचं एकमत नाही.

तो लहान आहे हे मात्र पक्कं, आणि ते कसं कळलं हा माझ्या मते ह्या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग आहे. कुठलीही दुर्बीण लावा, बहुतेक सक्रिय दीर्घिकांचा गाभा ठिपकाच दिसतो. त्या ठिपक्याची रुंदी मोजायची ती घड्याळाने.

आमच्या लालबागचंच उदाहरण घेते. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलपथक उभं आहे आणि सगळे ढोल एकाच क्षणी वाजताहेत. तुम्ही पथकाच्या एका टोकाला उभे आहात. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. पथक 340 मीटर लांब असेल तर शेवटच्या ढोलाचा ठोका तुमच्या कानी एक सेकंद उशिरा पडेल. वादकांनी कितीही अचूक वाजवलं तरी सेकंदात चार ठोके असलेला ठेका तुम्हाला सुटा ऐकू येणार नाही, नुसता गडगडाट होईल. उलट, ठेका खणखणीत सुटा ऐकू आला तर डोळे मिटून सांगता येईल की पथक आखूड आहे.

प्रकाशाचंही तसंच. एखाद्या दीर्घिकेचे क्ष-किरण तासाभरात दुप्पट झाले, तर ते जिथून येतात ती जागा एका प्रकाश-तासाहून फार मोठी असू शकत नाही. एक प्रकाश-तास म्हणजे सूर्यापासून गुरूच्या पलीकडे, पण शनीच्या अलीकडे. लाखभर प्रकाशवर्षांच्या दीर्घिकेतून येणारा एवढा उजेड सूर्यमालेपेक्षाही लहान जागेत बसतो, आणि ते सिद्ध करायला त्या जागेचं चित्र लागत नाही.

हे काम प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या नोंदी बंगळुरूजवळच्या ब्यालाळूच्या केंद्रात उतरतात आणि ठरावीक काळानंतर सगळ्यांना खुल्या होतात. मी रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडते. फाइलमध्ये चित्र नसतं, ओळी असतात. एक ओळ म्हणजे एक फोटॉन. तो कधी आला, चिपवर कुठे पडला, किती ऊर्जेचा होता. बस. मध्यम तेजाची दीर्घिका असली तर सेकंदाला एखादा फोटॉनही येत नाही. उपग्रह 98 मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतो. फेरीचा बराच वेळ पृथ्वीच मधे येते, शिवाय दक्षिण अटलांटिकवरच्या भारित कणांच्या पट्ट्यातून जाताना नोंदी टाकून द्याव्या लागतात. त्यामुळे आलेखावर ठिपक्यांचे पुंजके आणि मधे मोकळ्या जागा दिसतात, फाटक्या गोधडीसारखा. पहिल्यांदा एका विद्यार्थिनीने असा आलेख काढला तेव्हा ती हिरमुसली, "मॅडम, ह्यात तर अर्ध्या जागा रिकाम्याच आहेत." मग आम्ही दोघींनी उरलेल्या पुंजक्यांवर पट्टी ठेवून पाहिलं. दोन फेऱ्यांच्या आत ठिपके स्पष्टपणे वर चढले होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिकडे काही तासांत घडलेला बदल तिच्या पट्टीखाली होता. ती बराच वेळ काही बोलली नाही.

घड्याळाची ही युक्ती आणखी पुढे जाते. माळशेज घाटात हाक मारली की कड्यावरून प्रतिध्वनी येतो आणि मधल्या वेळावरून कडा किती दूर ते काढता येतं. मुकुटातले काही क्ष-किरण थेट आपल्याकडे येतात, काही खाली तबकडीवर आपटून मग येतात. '1एच 0707-495' ह्या दीर्घिकेत ही दुसरी लाट सुमारे 30 सेकंद मागे असल्याचं 2009 साली एक्सएमएम-न्यूटन उपग्रहाच्या नोंदींतून दिसलं. 30 सेकंदांत प्रकाश 90 लाख किलोमीटर जातो. सूर्यापासून बुध ह्याच्या कितीतरी पट लांब आहे. म्हणजे मुकुट तबकडीला जवळजवळ टेकलेला.

वेळेनंतर ऊर्जा. तबकडीत थोडं लोखंडही असतं. क्ष-किरण आपटला की लोखंडाच्या अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडतो आणि त्याची जागा भरताना अणू 6,400 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन सोडतो. हा आकडा लोखंडाची सही आहे. प्रयोगशाळेत ती एका बारीक रेषेसारखी दिसते. पण कृष्णविवराजवळून आलेली सही फरफटलेली असते, आणि त्या फरफटण्यातच सगळी माहिती आहे.

चिंचपोकळीला स्लो लोकलची वाट बघत उभं राहिलं की बाजूच्या रुळावरून फास्ट लोकल भोंगा देत जाते. येताना सूर चढा, पुढे गेल्यावर उतरलेला. तबकडीची एक बाजू आपल्याकडे धावते आणि दुसरी लांब, त्यामुळे रेषा दोन्हीकडे ताणली जाते. शिवाय विवराच्या गुरुत्वाकर्षणातून वर चढताना प्रकाश दमतो. त्याचा वेग कमी होत नाही, ऊर्जा घटते. म्हणून रेषेला कमी ऊर्जेकडे एक लांब शेपूट फुटतं. 1995 साली जपानच्या आस्का उपग्रहाने नरतुरंग तारकासमूहातल्या 'एमसीजी-6-30-15' ह्या दीर्घिकेत हे शेपूट पहिल्यांदा स्वच्छ दाखवलं. शेपूट जितकं लांब तितका वायू विवराच्या जवळ, आणि इतक्या जवळ टिकून फिरता येतं ते विवर स्वतः वेगाने फिरत असेल तरच. दृष्टिरेषेतले ढगही असं शेपूट भासवू शकतात, असा आक्षेप बरीच वर्षं होता. 2013मध्ये नासाचा नूस्टार उपग्रह आणि एक्सएमएम-न्यूटन ह्यांनी मिळून 'एनजीसी 1365' ह्या दीर्घिकेचे जास्त ऊर्जेचे किरणही मोजले, तेव्हा तिथे फिरत्या विवराचं स्पष्टीकरण भक्कम ठरलं. लोखंडाच्या एका रेषेवरून कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरच्या विवराची फिरकी सांगता यावी, ह्याचं मला इतक्या वर्षांनंतरही नवल वाटतं.

सगळीच विवरं अशी खादाड नसतात. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं, 26,000 प्रकाशवर्षांवरचं, 40 लाख सूर्यांचं विवर आज जवळजवळ उपाशी आहे. मी काकूंना नैऋत्येला बोट दाखवलं. आश्विनातल्या संध्याकाळी धनू रास तिकडेच मावळतीला झुकलेली असते, उंच टॉवरच्या दिव्यांमुळे दिसत नाही एवढंच. त्या विवराभोवतीच्या वायूच्या ढगांवर आजही जुन्या उजेडाची परावर्तित झाक आहे. ती मोजून 2023 साली निष्कर्ष निघाला की आपल्या हिशोबाने सुमारे 200 वर्षांपूर्वी ते विवर थोड्या काळासाठी भडकलं होतं. इकडे पेशवाई नुकतीच बुडाली होती तेव्हा.

आणि ती 1962ची झळाळी? खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यम चंद्रशेखर ह्यांच्या नावाची चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण 1999 साली अवकाशात गेली. तिने दक्षिण आकाशातल्या एका छोट्या, रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्याकडे मिळून 70 लाख सेकंद, म्हणजे जवळपास 80 दिवस टक लावली. एकसारखी वाटणारी झळाळी तिथे ठिपक्यांत फुटली आणि बहुतेक ठिपके वायू गिळणारी महाकाय कृष्णविवरं निघाली. धुळीच्या पडद्याआड असल्याने साध्या दुर्बिणींना न दिसणारीही त्यात होती, कारण ताकदीचे क्ष-किरण तो पडदा भेदून येतात.

चंद्राचं काय झालं, ते काकू विसरल्या नव्हत्या. जर्मनीच्या रोसॅट उपग्रहाने 1990 साली त्याचं क्ष-किरणांतलं छायाचित्र घेतलं. मी मोबाइलवर ते काढून दाखवलं. अर्धा चंद्र उजळ आहे, तो सूर्याच्या किरणांमुळे. भोवतीच्या आकाशावर फिकट ठिपक्यांची रांगोळी आहे. आणि चंद्राचा उरलेला अर्धा भाग आकाशाहूनही काळा आहे, कारण मागून येणारा त्या सगळ्या कृष्णविवरांचा उजेड तो अडवतो आहे.

"त्याच्यामागे किती असतील गं?"

हिशोब चंद्राच्या ह्या छायाचित्रावरून नव्हे, चंद्रा दुर्बिणीने टक लावलेल्या त्या छोट्या तुकड्यावरून झाला आहे, असं मी आधी चंद्र आणि चंद्रा ह्या नावांचा घोळ सोडवत सांगितलं. तिथल्या दाटीने मोजलं तर पौर्णिमेच्या चंद्राएवढ्या जागेत साधारण 5,000.

काकूंनी डाव पातेल्यात ठेवला, हात लांब केला आणि करंगळीच्या नखाने चंद्र झाकला. नख चंद्राच्या दुप्पट रुंद पडतं, म्हणजे जागा चौपट. मी म्हटलं, "काकू, तुमच्या नखाआड आता वीस हजार आहेत." त्यांनी हात तसाच वर धरून ठेवला आणि नातवाला हाक मारली.